घर उभं राहताना (लेखांक ७) : दिवे आधी, प्लास्टर नंतर

मागच्या आठवड्यात खिडक्यांचं एक सांगायचं राहिलं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, असं सगळेच छातीठोकपणे सांगतात. पण पुण्याजवळचं, मुळशी तालुक्यातलं लवळे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. तिथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच कललेला असतो. ऐन मेअखेरीस ज्या उत्तरेच्या खोलीला ऊन लागतं, तिथेच जूनमध्ये मुळशीचा पाऊस धरला की भरदिवसा दिवा लावावा लागतो. दिव्यांचा आराखडा अशा अंधारलेल्या दुपारसाठी करायचा. दिवाळीत काय, पणतीसुद्धा शोभून दिसते.

सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आल्यापासून लवळ्याच्या आसपास नवी बांधकामं सुरूच आहेत. वायरमनचा दर बहुतेक ठिकाणी पॉइंटमागे ठरतो. मग काटकसर सुरू होते ती तिथेच : खोलीला भिंतीवर एक ट्यूब, मधोमध पंखा, झालं. पुढे हात सैल झाला की पीओपीत ओळीने गोल दिवे बसतात. दोन्ही तऱ्हांत एक प्रश्न कोणीच विचारत नाही, तो म्हणजे इथे बसून कोण काय करणार?

स्वयंपाकघराचंच बघा. ट्यूब मागच्या भिंतीवर आणि ओटा समोर. कोथिंबीर चिरायला उभं राहिलं की उजेड पाठीवर आणि सावली नेमकी विळीवर. वॅट वाढवून ही सावली हटत नाही, उलट गडद होते. वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेजवळ एलईडीची पट्टी लावली की काम होतं. ती घेताना खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा पाहा. ऐंशीच्या खालचा दिवा नकोच, नव्वद असेल तर उत्तम. नाहीतर रवा खमंग भाजला की करपायला लागला, हे रंगावरून कळायचं नाही.

आता थोडा हिशोब. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन उजेड पडला की एक लक्स. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर. 20 वॅटची एलईडी ट्यूब 2000 ल्युमेनच्या आसपास देते, त्यातला बराचसा भिंती आणि छत गिळतात. हाती येतात जेमतेम शंभर लक्स. गप्पांना ते पुष्कळ झाले, पण आजोबांच्या पेपरवाचनाला अपुरे. त्यावर दुसरी ट्यूब लावणं हा आळशी उपाय. अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड चौपट होतो. खुर्चीशेजारच्या 7 वॅटच्या दिव्याने भागतं. जुन्या घरांतल्या कोनाड्यांत दिवा कामाशेजारी, हाताच्या उंचीवर असे, तो काही अडाणीपणा नव्हता.

रंगाचं थोडक्यात : बसाय-झोपायच्या खोल्यांत 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर, ओट्यावर 4000. सरसकट 6500चा पांढराफटक उजेड दुकानात ठीक, घरात माणसं आजारी दिसतात.

हे सगळं ठरवायचं ते प्लास्टरआधी. पलंग, टेबल, फ्रिज कुठे येणार ते खडूने जमिनीवर आखा आणि मगच वायरमनला बोलवा. जिन्याला आणि झोपायच्या खोलीला टू-वे स्विच सांगायला विसरू नका. नंतर भिंत खाचून पाइप टाकायला दुप्पट खर्च आणि आठवडाभर धूळ. पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे पडद्याच्या दांडीसाठी ड्रिल मारताना तो लागतोच.

पुढील लेखांकात : पाणी तापवण्याची सोय.