भंगाराच्या काट्यावरून परत

सांगलीजवळच्या माधवनगरला लागूनच बुधगाव, एके काळची धाकट्या मिरज संस्थानाची राजधानी. सांगली, थोरलं मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची बाकीची संस्थानंही जवळच आणि पलीकडे कोल्हापूरचे छत्रपती. त्यामुळे विलायती मोटार ही या टापूत नुसती ऐकीव गोष्ट नव्हती. मार्च १९४८मध्ये इथली पटवर्धनी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले आणि जुन्या मोटारींचे दिवस फिरले. त्यातल्या मोठ्या, मानाच्या गाड्यांना निदान घराण्याचं छत्र होतं. कोल्हापूरची मेबॅक आजही दसऱ्याला दिमाखात बाहेर पडते. हाल झाले ते छोट्या, दोन माणसांच्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचे. त्यांच्यामागे गादी नव्हती, मालक गेला की गाडीही गेली.

या गाड्यांतली सगळ्यांत देखणी, माझ्या मते, एमजी टीसी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १० हजार गाड्या तयार झाल्या. १२५० सीसीचं इंजिन, जेमतेम ५४ हॉर्सपॉवर, तारांची १९ इंची चाकं, मागं उभी चौकोनी टाकी, दुमडणारी काच. आज एखादी लहान हॅचबॅकही तिला सहज मागे टाकेल. पण लांब बॉनेटमागे जमिनीलगत बसून, तोंडावर वारा घेत ती चालवण्यातला आनंद वेगाच्या आकड्यात मावत नाही.

पुढे अशा गाड्या येण्याची वाटच बंद झाली. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८पासून चालवलेला जोडणीचा कारखाना १९५४मध्ये गुंडाळला. सरकारचं धोरण देशी उत्पादनाचं होतं, आयात गाडी दुर्मीळ झाली आणि तिचे सुटे भाग त्याहून दुर्मीळ. ते धोरण चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळात परकीय चलन शौकावर उधळणं देशाला परवडणारं नव्हतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की साध्या गॅस्केटवाचून किंवा कार्बुरेटरच्या सुईवाचून गाडी उभी राही, आणि उभी राहिली की राहिलीच. पहिल्या वर्षी तिच्यावर ताडपत्री पडे, मग बॅटरी निघे, मग डायनॅमो, मग चाकं. उरलेला सांगाडा काट्यावर चढे. तिथं पत्रा, बीड, पितळ, ॲल्युमिनियम यांचा भाव वेगवेगळा, आणि नावाला भाव नाही.

इथं एमजी एमजीतही फरक पडला. १९५५ला आलेल्या एमजीए गाडीचं पहिलं इंजिन १४८९ सीसीचं, म्हणजे पुढे आपल्या अँबेसिडरला बसलं त्याच घराण्यातलं. त्यामुळे एमजीएच्या इंजिनाला लागणारं बरंच सामान इथल्या बाजारात मिळू शकलं. टीसीचं तसं नव्हतं. तिच्या इंजिनाचा कारखाना मुळात एका फ्रेंच कंपनीचा, त्यामुळे बोल्टचे आटे मेट्रिक, आणि डोकं मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाचं. त्यातही आठ मिलिमीटरच्या बोल्टचा आटा एक मिलिमीटरचा. आपल्या दुकानात मिळतो तो सव्वा मिलिमीटरचा. घाईत तोच आवळला की ब्लॉकमधले आटे गेलेच! जाणता मिस्त्री अशा वेळी बाजारातला बोल्ट लावत नाही. तो टर्नरकडून हवा तसा नवा करून घेतो.

हे कसब आपल्याकडे आहे, आणि ते आपोआप आलेलं नाही. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली, साताऱ्याला कूपरचा कारखाना उभा राहिला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्र्या आणि लेथ आले. ऑइल इंजिन आणि पंप दुरुस्त करता करता या पट्ट्यातल्या पिढ्यांचा हात बसला. बोअर करणं, स्लीव्ह बसवणं, बेअरिंग ओतणं ही कामं नमुना पाहून करणारी माणसं इथं तयार झाली. नवा भाग विकत आणणं सोपं असतं, पण तुटलेल्या भागावरून पुन्हा तसाच भाग घडवणारा माणूस मिळणं अवघड.

टीसीचं खरं दुखणं मात्र लोखंडात नसतंच. तिच्या बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा, त्यावर पत्रा. पावसात उघड्यावर पडलेल्या गाडीचा पत्रा वरून ठीक दिसतो आणि आतलं लाकूड भुगा झालेलं असतं. दार उघडलं की बिजागरीसकट खाली येतं. म्हणून अशा गाडीला आधी सुतार लागतो, पेंटर सगळ्यांत शेवटी. ॲश इथं मिळत नाही, मग सागवान वापरावं लागतं. मूळ लाकूडच हवं म्हणून अडून बसण्यापेक्षा सागवानावर उभी राहिलेली गाडी मला केव्हाही जास्त मोलाची वाटते. आणखी एक सांगायचं, या गाड्यांच्या वायरिंगमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह चासीला जोडलेला असतो. आजच्या सवयीने बॅटरी उलटी जोडली की नसती दुखणी सुरू.

लोकांची नजर बदलायला वेळ लागला. १९६४मध्ये दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राने जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. मुंबईत व्हिंटेज गाड्यांचा क्लब उभा राहिला. प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ दास्तानला मोठा संग्रह केला. १९५०पूर्वीच्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर सरकारने बंधन घातलं. मग १५ जुलै २०२१च्या अधिसूचनेने ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५ हजार. रोजच्या वापराला परवानगी नाही, पण रॅलीला किंवा प्रदर्शनाला गाडी रस्त्यावर काढता येते. उशिरा आलेला, पण चांगला निर्णय.

तेव्हा सांगली, मिरज, सातारा, कुठंही एखाद्या वाड्याच्या मागं, गुळाच्या गोदामात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात अशी गाडी पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थांबा. सुटे भाग विकू नका, रंग खरवडू नका, इंजिन फिरवायची घाई करू नका. चासी नंबरची पट्टी आणि इंजिन नंबर यांचे फोटो घ्या, जुनं आरसी बुक शोधा. आणि मग आधी चांगला मिस्त्री गाठा, गिऱ्हाईक नंतर.