टेबलातून परतलेला ऑब्जेक्ट

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात सारी माहिती ओळी आणि स्तंभ यांच्या टेबलांत ठेवली जाते, तर ऑब्जेक्टवर आधारलेल्या प्रोग्राममध्ये माहिती आणि तिच्यावरील क्रिया 'ऑब्जेक्ट' या एकाच घटकात एकत्र असतात. या दोहोंमध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर किंवा ओआरएम म्हणतात. पायथन भाषेतील एसक्यूएलअल्केमी हे त्यांपैकी एक.

ओआरएम जतन करतो ते फक्त स्तंभ नेमून दिलेले गुणधर्म. छायाचित्राच्या ऑब्जेक्टमध्ये रुंदी आणि उंची यांना स्तंभ असतील, पण त्यांचे गुणोत्तर प्रोग्रामरने स्वतः जोडलेले असेल, तर ते केवळ मेमरीत राहते. नव्या ऑब्जेक्टमध्ये असे गुणधर्म 'इनिट' हे फंक्शन भरते. डेटाबेसमधील ओळीवरून ऑब्जेक्ट उभा करताना मात्र एसक्यूएलअल्केमी 'इनिट'ला हातच लावत नाही, तर रिकामा ऑब्जेक्ट निर्माण करून त्यात स्तंभांतील मूल्ये थेट भरते. हा निर्णय योग्यच आहे, कारण 'इनिट'मध्ये लघुचित्र तयार करण्यासारखे एकदाच करायचे काम असेल, तर ते प्रत्येक वाचनाच्या वेळी पुन्हा झाले असते. परंतु त्यामुळे परतलेल्या ऑब्जेक्टमध्ये गुणोत्तर नसतेच, आणि केवळ नव्याने घडवलेल्या ऑब्जेक्टवर घेतलेल्या चाचण्यांत ही उणीव कधीच उघड होत नाही.

यावर उपाय म्हणून एखाद्या फंक्शनवर 'रिकन्स्ट्रक्टर' ही खूण करता येते, म्हणजे ऑब्जेक्ट भरून झाल्यावर ते आपोआप चालते. जावाच्या जेपीए या मानकात हेच काम 'पोस्टलोड' करते. तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही. व्यवहार कायम झाल्यावर, म्हणजे 'कमिट'नंतर, स्तंभांची मूल्ये शिळी मानून गरजेनुसार पुन्हा वाचली जातात, पण त्या वेळी 'रिकन्स्ट्रक्टर' चालत नाही. त्यामुळे दरम्यान दुसऱ्या प्रोग्रामने रुंदी बदलली असेल, तर नव्या रुंदीशेजारी जुनेच गुणोत्तर उरते. म्हणून असे मूल्य साठवण्याऐवजी मागितले जाईल तेव्हा मोजणे अधिक सुरक्षित ठरते.

स्तंभांवरून मोजता न येणाऱ्या मूल्याला मात्र स्वतःचा स्तंभच हवा. एसक्यूएलअल्केमीचे सेशन, म्हणजे वापरातील ऑब्जेक्टांची नोंद ठेवणारी व्यवस्था, न बदललेल्या ऑब्जेक्टला मेमरीत धरून ठेवत नाही, आणि स्तंभ नसलेल्या गुणधर्मातील बदल तिच्या लेखी बदलच नसतो. परिणामी प्रोग्राममधील अखेरचा संदर्भ सुटताच ऑब्जेक्ट मेमरीतून जातो आणि ते मूल्यही त्याच्याबरोबर नाहीसे होते.