टिनाच्या घरातला कूलर: घेण्याआधी खिडकी बघा

एप्रिल उजाडला की वस्तीत आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. "सिस्टर, तो चाकांचा छोटा कूलर घेतला तर चालेल का? हप्त्यावर मिळतो आहे." पाच-सात हजारांची वस्तू म्हणजे आपल्या घरात महिनाभराचा किराणा. म्हणून 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढेच सांगून आमचे भागत नाही. आम्ही उलट विचारतो, खोलीला खिडकी किती? पाणी रोज येते का? घरात आजारी, म्हातारे कोण आहे?

आधी हे यंत्र करते काय ते समजून घेऊ. माठातले पाणी गार का होते, हे आपल्या आजीला माहीत होते. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच. पंप पाणी वर चढवतो, ते ताटीवरून ओघळते, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताटीतून ओढतो आणि हवा गार होऊन आत येते. ताटी वाळ्याची असो, लाकडाच्या भुशाची असो की नव्या जाळीदार कागदाची, काम तेच.

यात गोम एकच, हवा कोरडी हवी. नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा इकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ४३ अंशांची हवा चांगल्या ताटीतून येताना दहा-बारा अंशांनी सहज उतरते. मुंबईच्या चाळीत, पनवेल-ठाण्याच्या झोपडपट्टीत तोच कूलर तीन-चार अंशांच्या पुढे जात नाही, वर खोली दमट करतो, घाम वाळत नाही आणि जीव अधिकच घुसमटतो. नागपूरच्या बहिणीने कूलरचे कौतुक केले म्हणून मुंबईच्या भावाने तो घेऊ नये. त्याला साधा पंखा आणि समोरासमोर दोन झरोके जास्त कामाचे.

आणि विदर्भातसुद्धा दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला तर अर्ध्या तासात तो निकामी होतो. तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते, तिला आणखी पाणी उचलताच येत नाही. अंथरूण ओलसर लागते, अंग चिकचिकते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. कूलर बिघडलेला नसतो, हवेला बाहेर जायला वाट नसते. मोठा कूलर खिडकीबाहेर बसतो म्हणून तो चांगला चालतो. चाकांचा छोटा कूलर खोलीच्या मधोमध ठेवू नका. त्याची पाठ उघड्या दाराकडे किंवा खिडकीकडे करा, म्हणजे तो बाहेरची हवा ओढेल. समोरच्या भिंतीत काहीतरी उघडे ठेवा. खिडकी नसेल तर भिंत आणि टीन यांच्यामधली फट बुजवू नका, गरम हवा वरूनच जाते. एकच दार आणि चारी बाजूंनी बंद अशी खोली असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो, आधी झरोका पाडा, मग कूलरचे बघू. भाड्याची खोली असेल तर घरमालकाशी हे बोलणे अवघड आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण चार भाडेकरू मिळून बोलले तर ऐकले जाते.

दुकानदार बर्फाचा कप्पा दाखवून हजार-पाचशे जास्त घेतात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी उडून जाताना ओढते. बर्फाचे पैसे वाचवा आणि ताटी बदला. खारे पाणी असेल तर तिच्यावर पांढरा थर बसतो, हवा जात नाही. ताटीला कुबट वास आला की दमेकऱ्याला त्रास सुरू होतो.

विजेचे म्हणाल तर छोटा कूलर ताशी १००-१५० वॅटचा. रोज दहा तास चालवला तर दीड युनिट, महिन्याला ४५. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, पुढे तो चढतो, हे लक्षात ठेवून तास ठरवा. आमचे मत विचाराल तर दुपारी १२ ते ४ आणि रात्री झोपताना. रात्रीचे आम्ही मुद्दाम सांगतो. टीन दिवसभर तापते आणि भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. दिवसभर बांधकामावर, रस्त्यावर राबलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला नाही तर ते सावरत नाही आणि दुसऱ्या दिवशी ऊन लवकर लागते.

उष्माघात फक्त उन्हात फिरणाऱ्याला होतो, हा समज काढून टाका. नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत टिनाखाली खाटेवर पडून असलेल्या म्हाताऱ्या आईला घरातच उष्माघात होतो. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना उष्णता जास्त बाधते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण गार जागा पहिली त्यांना द्या. माणूस बरळायला लागला, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपू लागली तर तो साधा ताप नव्हे. पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, कूलरचा किंवा पंख्याचा झोत सोडा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

सिकलसेलबद्दल थोडे सविस्तर, कारण विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार बराच आहे. एस-एस पॅटर्नच्या मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून नसा अडवतात आणि हाडे फुटावीत तशी कळ उठते. म्हणून उन्हाळ्यात त्याला गारवा हवाच. पण एकदम गार झोतही कळ आणू शकतो. घामाने भिजलेल्या मुलाला कूलरच्या तोंडाशी बसवू नका. आधी अंग पुसा, कपडे बदला, झोत भिंतीकडे वळवा. पाणी, ताक, आंबील दिवसभर थोडे थोडे पाजत राहा. कूलर आहे म्हणून तहान कमी लागते आणि पाणी राहून जाते, हे आम्ही दर उन्हाळ्यात बघतो.

आता ज्याची आम्हाला सर्वांत धास्ती वाटते ते. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसे जातात. त्यात पाणी भरणारी बाई असते, खेळता खेळता हात लावणारे लेकरू असते. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, अनवाणी पाय आणि पंपाची सोललेली वायर, एवढे पुरते. पाणी भरताना नुसते बटण बंद करू नका, पिन बोर्डातून काढा. पिन तीन पायांचीच हवी आणि घराला अर्थिंग हवे. दोन पायांची पिन लावून काम भागवणाऱ्या मिस्त्रीला परत पाठवा. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. कूलरच्या किमतीपुढे त्याचा खर्च काही मोठा नाही, आणि आमच्या हिशेबात तो कूलरच्या आधी येतो. प्लास्टिकचा कूलर बरा, पण त्यातल्या पाण्यात करंट उतरू शकतोच.

कोणी चिकटले तर त्याला हात लावू नका. मेन स्विच पाडा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. गाडी येईपर्यंत थांबू नका.

एखाद्या विहाराच्या कमिटीने विचारले तर आम्ही सांगतो, प्रत्येक घराने हप्ता डोक्यावर घेण्यापेक्षा वर्गणीतून सभागृहाला दोन मोठे कूलर बसवा आणि दुपारी दार उघडे ठेवा. बुद्ध पौर्णिमा वैशाखातच येते, तेव्हाही उपयोगी पडतील. गरोदर बाया, म्हातारी माणसे, आजारी लेकरे यांना दुपारचे चार तास तिथे काढता येतील. चटया आणि माठ तेवढे हवेत.

एक काम पाऊस पडल्यावरचे आहे आणि तेच नेमके विसरले जाते. हवा दमट झाली की कूलर बंद पडतो, पण टाकीत पाणी तसेच राहते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून उन्हाळाभर आठवड्यातून एक वार ठरवून टाकी रिकामी करा. नुसते पाणी ओतून देऊ नका, कडा ब्रशने घासा, कारण अंडी भिंतीला चिकटून असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. जूनमध्ये पाऊस लागला की टाकी घासून उन्हात वाळवा, ताटी काढून टाका, पंपातले पाणी निथळू द्या आणि कूलर उलटा करून वर फडके बांधा.