ब्रेक लाइट लागत नाही: दोष रिलेचाच का?

ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की मोटारीचे मागचे तांबडे दिवे लागतात. या साध्या दिसणाऱ्या घटनेमागे बॅटरी, फ्यूज, पेडलच्या दांड्याशी बसवलेला ब्रेक स्विच, तारा, होल्डर, बल्ब आणि शेवटी गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थ एवढी साखळी असते. काही गाड्यांत स्विच आणि बल्बच्या मध्ये रिले असतो, सगळ्या गाड्यांत नसतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत स्विच स्वतःच बल्बचा प्रवाह वाहून नेतो, आणि अनेक नव्या गाड्यांत हे काम संगणकीय मॉड्यूलच्या आत होते. तिथे वेगळा काढून बदलण्याजोगा रिलेच नसतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीच्या पुस्तिकेतला फ्यूज-बॉक्सचा नकाशा पाहावा. नसलेला रिले शोधण्यासाठी डॅशबोर्ड उघडून बसणारे कमी नाहीत.

रिले म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा स्विच. पेडल दाबले की त्याच्या कॉइलमधून साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर इतका किरकोळ प्रवाह जातो. चुंबक आतली पत्ती ओढतो, संपर्कबिंदू एकमेकांना टेकतात आणि बल्बकडे मोठा प्रवाह सुरू होतो. नेहमीच्या रिलेवर टर्मिनलचे आकडे छापलेले असतात: ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके, ३० वर बॅटरीकडून येणारा पुरवठा आणि ८७ वरून बल्बकडे जाणारी वाट. तंतूचा ब्रेक बल्ब २१ वॅटचा असतो. दोन बाजूंचे दोन आणि मागच्या काचेजवळचा तिसराही तसाच असेल, तर एकूण प्रवाह सुमारे ५ अँपिअर होतो. मात्र थंड तंतूचा रोध फार कमी असल्याने, बल्ब लागतो त्या क्षणी याच्या कितीतरी पट प्रवाह धावतो. दर वेळी उडणाऱ्या त्या ठिणगीने संपर्कबिंदू खडबडीत होतात, काळे पडतात आणि कधी एकमेकांना चिकटून बसतात. रिले बिघडण्याचे मुख्य कारण हेच.

निदानाची सुरुवात लक्षणांपासून करावी. एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर रिलेकडे पाहण्याचे कारण नाही. रिले सहसा सगळ्यांना एकदमच पुरवठा करतो, तेव्हा बल्ब किंवा होल्डर तपासावा. पावसाळ्यानंतर होल्डरच्या पितळी पत्तीवर हिरवट थर हमखास सापडतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर किंवा टेललाइट मंद मिणमिणू लागली तर बहुधा मागच्या दिव्यांची अर्थ सुटलेली असते. सगळे दिवे एकदम बंद असतील तर आधी फ्यूज पाहावा. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे हॉर्नही मुका झाला असेल तर उत्तर तिथेच मिळते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत आणखी एक खूण मिळते. ब्रेक दाबूनही गिअरचा दांडा 'पी'मधून हलत नसेल तर संशय स्विचवर जातो. दांडा सुटतो पण दिवे लागत नाहीत, तर स्विच बहुधा ठीक आहे आणि दोष पुढे आहे.

यानंतर रिलेची पाळी. पेडल दाबताच रिलेतून 'टक्' असा आवाज आला की पुष्कळ जण त्याला निर्दोष ठरवून मोकळे होतात. पण त्या आवाजाने फक्त कॉइल ओढते आहे एवढेच कळते. संपर्कबिंदू जळालेले असले तरी आवाज येतोच. उलट, आवाज आला नाही म्हणजे रिले मेलाच असेही नाही. त्याच्यापर्यंत हुकूमच पोचत नसेल.

खरी परीक्षा रिले उपसून त्याच्या सॉकेटवर होते. मल्टिमीटरचे काळे टोक पत्र्याला लावून ३० वर मोजावे, तिथे सुमारे १२ व्होल्ट हवेत. काही गाड्यांत त्यासाठी चावी चालू असावी लागते. मग कुणाला तरी पेडल दाबायला सांगून ८५ आणि ८६ यांच्यामध्ये मोजावे. पेडल दाबल्यावर १२ व्होल्ट आले आणि सोडल्यावर गेले, तर स्विच आणि कॉइलकडच्या तारा शाबूत आहेत. शेवटी फ्यूज बसवलेल्या तारेच्या तुकड्याने ३० आणि ८७ क्षणभर जोडावेत. दिवे लागले तर पुढची वायरिंग आणि बल्ब ठीक. या तिन्ही परीक्षा पार पडल्या तर उरतो तो फक्त रिले. आकडे नीट वाचल्याशिवाय मात्र तार लावू नये. ३० आणि अर्थ असलेले टर्मिनल जोडले तर थेट शॉर्ट होतो.

सुट्या रिलेच्या कॉइलचा रोध सामान्यतः ५० ते १२० ओहमच्या आसपास येतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. संपर्कबिंदूंच्या बाबतीत मात्र ओहममीटर फसवतो. त्याच्या क्षीण प्रवाहाला जळका संपर्कही चालतो, ५ अँपिअरला चालत नाही. म्हणून रिले सॉकेटमध्ये ठेवून, दिवे चालू असताना ३० आणि ८७ यांच्यामधला व्होल्टेज मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या वर गेला तर संपर्क खराब झाला आहे. दिवे मंद दिसतात आणि बल्ब नवे आहेत, अशा वेळी ही चाचणी सर्वांत उपयोगी.

दिवे बंदच होत नाहीत, ही उलटी तक्रार जास्त त्रासाची. रात्रभर दिवे चालू राहिले तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सकाळपर्यंत बसते. अशा वेळी आधी ब्रेक स्विचचा कनेक्टर काढावा. दिवे विझले तर दोष स्विचचा, किंवा पेडलवरच्या त्या छोट्या रबरी अथवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचा, जो स्विचची दांडी दाबून धरतो. तो जुना होऊन भुगा झाला की स्विचला पेडल दाबल्यासारखेच वाटते. कनेक्टर काढूनही दिवे चालू राहिले आणि रिले उपसताच विझले, तर रिलेचे संपर्क चिकटलेले असू शकतात. कॉइलवर व्होल्टेज नाही याची खात्री केली की तो निर्णय पक्का होतो. रिले काढूनही दिवे लागलेलेच असतील तर मागे जाणाऱ्या तारेत कुठेतरी शॉर्ट आहे. उंदराने कुरतडलेली तार हे त्याचे नेहमीचे कारण.

हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून पाहणे हा झटपट उपाय आहे. पण टर्मिनलची मांडणी आणि रिलेवरचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. काही रिलेंमध्ये आत डायोड असतो, तिथे कॉइलची टोके उलटी चालत नाहीत. मॉड्यूलला जोडलेल्या तारांवर जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प लावू नये, मीटरच वापरावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार बसवणे हा तर उघड धोका आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. नवा रिले काही महिन्यांतच गेला तर दुसरा आणू नये. ३० वरचा प्रवाह मोजावा. तो ५ अँपिअरच्या बराच वर असेल तर बिघाड रिलेत नसून बल्बमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.