मरुभूमीतील झाडांचा जमाखर्च

पर्युषणाच्या दिवसांत, किंवा एरवीही अष्टमी-चतुर्दशीला, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कैर-सांगरीची भाजी होते. हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरून ठेवलेला हा जिन्नस कामास येतो. बँकेत नोकरीला असताना एका सहकाऱ्याने माझ्या डब्यातील भाजीचे नाव विचारले. मी सांगताच तो काही क्षण स्तब्ध झाला आणि मग हळूच म्हणाला, "केराची भाजी?" मराठीत केर म्हणजे कचरा हे मी विसरलोच होतो. पुढे त्याला भाजी इतकी आवडली की दर पर्युषणात तो माझ्या डब्याची वाट पाहू लागला.

भाजीची चव आपल्याला ठाऊक असते. पण ती कोणत्या हंगामात झाडावरून उतरते, याचा विचार आपण क्वचितच करतो. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. त्या वैशाख-ज्येष्ठात काढतात. मारवाडात त्या वेळी शेवटचा चांगला पाऊस पडून सात-आठ महिने लोटलेले असतात आणि लू नावाचा तापलेला वारा दिवसभर वाहत असतो. भारतातील तापमानाचा ५१ अंश सेल्सिअसचा उच्चांक १९ मे २०१६ रोजी जोधपूरजवळच्या फलोदी येथे नोंदला गेला, तो याच ऋतूत. अशा वेळी खेजडी नवी पालवी धरते, फुलते आणि शेंगांनी लगडते. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : या खातेदाराच्या उत्पन्नाचा स्रोत कोणता?

प्रथम अडचण कोठे आहे ते पाहू. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेर जिल्ह्याच्या पश्चिम भागात २०० मिलिमीटरही पडत नाही, आणि जो पडतो त्याचाही भरवसा नसतो. परंतु केवळ पाऊस कमी ही खरी अडचण नव्हे. झाडाला अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड हवा असतो. तो आत घेण्यासाठी पानांवर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ही दारे उघडली की वायू आत येतो, पण त्याच दारांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. दुकान उघडल्याशिवाय धंदा नाही आणि उघडले की भांडवल गळते, अशी ही कोंडी आहे. बंद ठेवावे तर उपासमार, उघडे ठेवावे तर शोष. मरुभूमीतील प्रत्येक वनस्पतीने या कोंडीतून आपापली वाट काढली आहे, आणि गंमत अशी की त्या वाटा एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत.

खेजडीची वाट खाली जाते. खेजडी म्हणजे आपल्याकडील शमी. गणपतीला जिची पाने वाहतात आणि दसऱ्याला जिची पूजा होते, जिला महाराष्ट्रात काही भागांत सौंदड म्हणतात, तेच हे झाड. बी रुजल्यानंतर पहिली काही वर्षे ते वर फारसे वाढतच नाही. सगळी कमाई मुळांत घालते. पूर्ण वाढलेल्या खेजडीची मुळे ३० मीटरहूनही खोल गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे दहा मजली इमारतीएवढी खोली! पृष्ठभागावरचा पाऊस हा तिच्या दृष्टीने किरकोळ गल्ला. तिचा खरा व्यवहार भूगर्भातल्या ओलीशी असतो. राखीव निधीला बँकेच्या मराठीत 'गंगाजळी' म्हणतात. मी तो शब्द हजारो वेळा लिहिला असेन, पण त्यातले 'जळ' मला खेजडीमुळे दिसले.

खेजडीला शेंगवर्गीय झाडांचा आणखी एक गुण आहे. तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, आणि गळलेल्या पानांचे खत होते ते वेगळेच. म्हणून मारवाडातील शेतकरी नांगरताना शेतातील खेजड्या राखतो. तिच्या छायेत बाजरी खुरटत नाही, उलट तजेलदार दिसते. थंडीत फांद्या छाटून पाला काढतात; त्याला तिकडे लूंग म्हणतात. शेळ्या-उंटांचा तो मुख्य चारा. १८६८-६९च्या राजपुतान्यातील दुष्काळात लोकांनी खेजडीची गोडसर साल खाऊन प्राण वाचवले. विक्रम संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ तर 'छपनिया' या नावाने आजही बोलण्यात येतो. आपल्या घरांतील वृद्धांकडून हा शब्द ज्यांनी ऐकला असेल, त्यांना त्यामागचे भय वेगळे सांगावयास नको.

कैरची पद्धत अगदी निराळी. या झुडुपाने पानांचा कारभारच आटोपता घेतला. कोवळ्या फुटव्यावर इवलीशी पाने येतात आणि लवकरच गळून जातात. वर्षातला बहुतेक काळ झुडूप निष्पर्ण असते. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्या करतात. पान हा झाडाचा सर्वांत खर्चिक विभाग, कारण पाण्याची सर्वाधिक गळती तेथूनच होते. तो विभाग बंद करून तेच काम मुख्य कचेरीकडे सोपवावे, तसे हे झाले. तांबूस फुलांनी बहरलेले कैर पाहिले की त्याच्या दारिद्र्यावर विश्वास बसत नाही. त्याची हिरवी फळे इतकी कडवट व तिखट असतात की मिठाच्या पाण्यात किंवा ताकात कित्येक दिवस मुरवल्याशिवाय तोंडात धरवत नाहीत. महाराष्ट्रातही हे झुडूप आढळते. त्याला नेपती म्हणतात.

खडकाळ टेकड्यांवर वाढणाऱ्या थोराची युक्ती मला सर्वांत चतुर वाटते. त्याने कोंडी सोडवण्यासाठी वेळच बदलून घेतली. दिवसा तो आपली दारे घट्ट मिटून बसतो आणि रात्री, हवा गार झाल्यावर, ती उघडतो. रात्री सूर्यप्रकाश नसल्यामुळे अन्न तयार करता येत नाही. म्हणून आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. सकाळी दारे बंद करून, आतल्या आत, त्या साठ्यातून दिवसभर काम चालवतो. रात्री माल उतरवून घ्यायचा आणि दिवसा शटर ओढून आत कारखाना चालवायचा!

या युक्तीचा पहिला माग लागण्यात आपल्या ओळखीच्या एका रोपाचा हात आहे. पानाच्या कडेवरून नवी रोपे फुटणारी पानफुटी अनेकांच्या अंगणात किंवा गॅलरीत असते. भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी तिची पाने वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी पान आंबट लागे, दुपारपर्यंत त्याची चव जाई. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. रात्री जमा झालेले आम्ल दिवसा खर्ची पडते, हा त्याचा अर्थ उलगडण्यास मात्र पुढे शतकाहून अधिक काळ लागला. थोराचे पान कोणी चाखून पाहू नये. त्याचा चीक डोळ्यांना व त्वचेला घातक असतो, आणि तोही त्याच्या संरक्षणाचाच भाग आहे. जेथे पाणी दुर्मीळ, तेथे पाणी साठवणाऱ्यावर प्रत्येकाचा डोळा असतो.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मरुभूमीत काटकसर हाच एक नियम. तसे नाही. वाळूवर पसरणारा तुंबा, म्हणजे आपल्याकडील कडू वृंदावन, हा उघडउघड खर्चिक वेल आहे. भर दुपारी तो पानांतून भरपूर पाणी बाहेर टाकतो. माठातले पाणी जसे पाझरून गार होते, तशी त्याची पाने त्यामुळे भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहतात. तेच पान तोडून उन्हात ठेवले की थोड्याच वेळात तापून करपते. हा खर्च त्याला परवडतो, कारण त्याचे सोटमूळ खोल ओलीपर्यंत पोहोचलेले असते. मागे जमा किती आहे हे पाहिल्याशिवाय खर्च करणाऱ्याला उधळ्या म्हणू नये, हे मी एका वेलीकडून निवृत्तीनंतर शिकलो. नोकरीत असताना उमगले असते, तर एक-दोन अर्जांवर माझा शेरा वेगळा पडला असता.

याउलट काही वनस्पती दुष्काळाला तोंडच देत नाहीत. त्या बीजरूपाने वाळूत पडून राहतात. वाळवंटातील अनेक अल्पायुषी वनस्पतींच्या बियांच्या आवरणात अंकुरण रोखणारी द्रव्ये असतात. शिंतोड्यांनी ती धुतली जात नाहीत. जमीन खरोखर भिजेल इतका पाऊस झाला तरच विरघळतात. खोट्या आश्वासनावर भांडवल बाहेर काढायचे नाही, असा हा शिरस्ता. मग चार-सहा आठवड्यांत अंकुर, पान, फूल, बी असा सारा संसार उरकून त्या पुन्हा वाळूत जातात. सेवण नावाचे जैसलमेरकडील गवत वरून वाळून काडी होते, पण बुंधा जिवंत ठेवून अनेक वर्षे टिकते. टेकाडांवरील फोग आपल्या लांबवर पसरलेल्या मुळांनी वाळू धरून ठेवतो. त्याच्या कळ्यांचे रायते उत्तम होते. दुर्दैवाने मुळांचा कोळसाही उत्तम होतो, आणि त्यापायी फोग कित्येक ठिकाणी खणून संपवला गेला.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. हजारो वर्षांचे दुष्काळ पचवलेली खेजडी अलीकडे उभ्याउभ्या वाळत आहे. नागौर, सीकर, झुंझुनू, जोधपूर या भागांतील वाळलेल्या झाडांची पाहणी जोधपूरच्या शुष्क वन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी केली. मुळे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या आणि गॅनोडर्मा नावाची बुरशी त्यांना आढळली. परंतु ही कीड काही आभाळातून पडलेली नाही; झाडच अशक्त झाले म्हणून तिचे फावते. पूर्वी बैलांचा नांगर बुंध्याला वळसा घालून जाई. ट्रॅक्टरचा फाळ मुळांना जखमा करतो. पूर्वी छाटणीत शेंड्याकडील काही फांद्या राखत. आता दरवर्षी झाड पूर्ण बोडके करतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. राजस्थानात वर्षभरात भूजलात जेवढी भर पडते, त्याच्या सुमारे दीडपट उपसा होतो. खेजडीचा सारा हिशेब खोल ओलीवर बेतलेला होता. पाऊस चुकला तरी चालेल, गंगाजळी शाबूत आहे, या भरवशावर तिने उन्हाळ्यात फुलण्याचे धाडस केले. त्या गंगाजळीत आता विंधनविहिरी उतरल्या आहेत.

त्यातच बिकानेरच्या परिसरात सौरऊर्जा प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जात असल्याची तक्रार घेऊन बिश्नोई समाज व ग्रामस्थ गेली काही वर्षे आंदोलन करीत आहेत. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी चुन्याच्या भट्ट्यांसाठी खेजड्या तोडण्यास आलेल्या राजसेवकांपुढे अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, हे आपण जाणतोच. सौरऊर्जा नको असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. माझ्या स्वतःच्या म्युच्युअल फंडातही अशा कंपन्यांचे समभाग असतील. परंतु प्रकल्पाच्या ताळेबंदात तोडलेल्या झाडाची किंमत नव्या रोपांच्या संख्येने भरून निघाली असे दाखवतात, ते मला पटत नाही. ३० मीटर मूळ आणि रोपवाटिकेतील वीतभर रोप यांची वजावट होत नाही.

झाड बदलून पाहण्याचा एक प्रयोग मारवाडने पूर्वी केला आहे. मूळ अमेरिका खंडातील विलायती बाभूळ, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो, ती तेथे मुद्दाम पसरवली गेली आणि १९४० साली मारवाड संस्थानाने तिला शाही वृक्षाचा मान दिला. ती जगली हे खरे, पण इतरांना जगू देईना. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा मरुउद्यान आहे. तेथे २००६ पासून प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली ही बाभूळ खडकातून उपटून तिच्या जागी थोर, कैर, रोहिडा अशी मूळची झाडे लावण्यात आली. बाभूळ वरून तोडली की पुन्हा फुटे. शेवटी खडक फोडणारे पारंपरिक कारागीर बोलावले गेले. ते दगडावर हातोडीने ठोकून आवाज ऐकत आणि भेग कोठे, मूळ कोठे हे सांगत.

बिकानेरच्या शुष्क बागायत संस्थेने 'थार शोभा' हे खेजडीचे बिनकाट्याचे वाण काढले आहे. त्याची कलमे लावल्यास थोड्याच वर्षांत शेंगा मिळतात. सांगरीचा भाव आता सुक्या मेव्याच्या पंगतीला जाऊन बसल्यामुळे शेतकऱ्यांना त्याचे आकर्षण आहे. भाव वाढल्याची कुरकुर मीही वाण्याकडे करतो, पण त्यात निदान एक चांगले आहे : उभी खेजडी आता तोडलेल्या खेजडीपेक्षा अधिक देते.

मागील मार्गशीर्षात नागौरकडे जाताना एका शेतात छाटणी चालली होती. बुंध्यावर चढलेला माणूस सपासप फांद्या उतरवत होता आणि खाली त्याची पत्नी पाला गोळा करीत होती. आठ-दहा झाडे बोडकी झाली होती. मधली तीन मात्र हिरवीगार, हात न लावलेली. मी कारण विचारले. तो वरूनच म्हणाला, "सेठजी, यांची पाळी पुढच्या वर्षी. यंदा यांना सुट्टी."