वीस फूट

मुलांचे डोळे शिक्षकांनी तपासायचे, हे ऐकूनच मी पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाऊन बसले. "जनगणना झाली, मतदारयाद्या झाल्या, आता डोळे!" मागच्या रांगेतले एक गुरुजी म्हणाले. त्यांचा वैताग खराच होता. तरीही हे काम शिक्षकाचंच आहे, असं मला दुपारपर्यंत पुरतं पटलं.

नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी आधी टेप मागवला आणि भिंतीपासून मोजून खडूची रेघ मारली. "अंदाजाने नाही. वीस फूट." अंतर घटलं की अधू डोळाही पास होतो. तक्त्यावर इंग्रजी 'ई', तोंड कधी वर, कधी खाली, कधी बाजूला. अक्षरओळख नसलेलं मूलही त्याची दिशा बोटांनी दाखवतं.

खरी शिकवणी होती ती एक डोळा झाकण्याची. मुलं बोटांच्या फटीतून बघतात. त्यांना उत्तर बरोबर यायला हवं असतं. म्हणून तळहात, तोही खोलगट. डोळा दाबला तर नंतर काही वेळ त्याला धूसर दिसतं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याचं उणेपण झाकतो. मग मेंदू त्या डोळ्याकडे लक्षच देईनासा होतो. या 'आळशी डोळ्या'वर उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर उत्तम. म्हणजे पोर दुसरी-तिसरीत असतानाच.

तिसरीच्या एक बाई तक्त्यापाशीच थांबल्या. "आमच्यातलं एक पोरगं फळ्यावरचं लिहूनच घेत नाही. शेजारच्याच्या वहीतनं उतरवतं. मी त्याला उठवून मागं बसवलं." पुढे त्या बोलल्या नाहीत. ते पोर तक्रार कशाला करेल? त्याच्या लेखी फळा सगळ्यांनाच तसा दिसतो. वर्षातून एकदा येणाऱ्या डॉक्टरला ही वही कुठून दिसणार?

"सर, नाव कळवल्यावर चष्मा कधी?" बाईंनी विचारलं. ग्रामीण रुग्णालयात तपासणी, मग नंबर, मग मागणी, मग मोफत चष्मा. "वेळ लागतो, मॅडम." अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 सालचा आहे, एवढ्या वर्षांनी हे उत्तर मला बोचलं. चष्मा नाकावर बसेपर्यंत त्या पोराची तपासणी झाली असं मी मानणार नाही.

बाईंनीही मानलं नाही. पट्टी घेऊन त्यांनी नोंदीच्या तक्त्यात एक जादा रकाना आखला, 'चष्मा मिळाल्याची तारीख', आणि तो मागच्या गुरुजींनाही आखायला लावला.