डेटा सेंटरच्या वाहिनीचा खर्च कुणी भरायचा?

डेटा सेंटरसाठी उपकेंद्र आणि उच्चदाब वाहिनी उभारून तो खर्च सगळ्यांच्या वीजदरात मिसळणं अन्यायाचं आहे. कंपनी निघून गेली तरी रोहित्रं, मनोरे तिथेच राहतात आणि त्यांचा हप्ता घरगुती बिलात शिरतो. म्हणूनच अमेरिकेतल्या ओहायोच्या नियामक आयोगाने जुलै २०२५मध्ये एईपी ओहायो या वीज कंपनीच्या नव्या, २५ मेगावॅटहून मोठ्या डेटा सेंटरांना बंधन घातलं: मागितलेल्या विजेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे १२ वर्षांपर्यंत भरा, वापर कमी झाला तरी. मोठा ग्राहक आला की स्थिर खर्च जास्त युनिटांत वाटला जाऊन दर उतरतात, हा आक्षेप खरा आहे. पण ग्राहक टिकला तरच. नियमानंतर तिथली नोंदलेली मागणी ३० हजार मेगावॅटवरून १३ हजारांवर आली. गळालेल्या मागणीसाठी वाहिन्या बांधल्या असत्या, तर पैसे कुणी भरले असते?